सहलीचे चित्र : ठेवा कोणाचा?

अमेरिकेच्या संसदेचे ग्रंथालय दरवर्षी पंचवीस चित्रपट निवडून ते राष्ट्राचा ठेवा म्हणून जतन करण्याचे ठरविते. २००८ साली या यादीत सुमारे अर्ध्या तासाचा एक घरगुती चित्रपट समाविष्ट झाला. त्याचे नाव 'डिस्नेलँड ड्रीम'. कनेक्टिकट राज्यातील वेदर्सफील्ड या गावच्या रॉबिन्स बार्स्टो यांनी १९५६ च्या जुलै महिन्यात आपल्या कुटुंबाने केलेल्या सहलीचे ते हौशी चित्रण आहे. बार्स्टो हे धंदेवाईक चित्रपट-निर्माते नव्हते. राज्यातील शिक्षकांच्या संघटनेत त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे नोकरी केली. चिकटपट्टी बनविणाऱ्या एका कंपनीच्या स्पर्धेत त्यांच्या चार वर्षांच्या मुलाची प्रवेशिका बक्षिसास पात्र ठरली आणि पाच जणांच्या या कुटुंबाला विमानाने कॅलिफोर्नियास जाऊन, वर्षभरापूर्वीच उघडलेले डिस्नेलँड पाहण्याची संधी फुकट मिळाली. घरचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा बरोबर होता. त्याने टिपलेल्या मूक चित्रफितीला बार्स्टो यांनी पुढे १९९५ साली स्वतःच्या आवाजात निवेदन जोडले, आणि नंतर ती कोणालाही फुकट पाहता येईल अशा रीतीने संगणकाच्या जाळ्यावर सार्वजनिक संग्रहात ठेवली.

एका सामान्य कुटुंबाच्या सहलीचे चित्रण राष्ट्राचा ठेवा का ठरावे? राजांच्या स्वाऱ्यांचे आणि सेनापतींच्या विजयांचे वर्णन करणारे पुष्कळ असतात. नोकरदार माणसाने सुट्टीत काय केले, मुले कशाने हरखली, बायकोने कोणती पिशवी खांद्याला अडकवली होती, याची नोंद ठेवणारा इतिहासकार विरळा. ती नोंद कुटुंबालाच करावी लागते. म्हणून घरगुती छायाचित्र हे श्रमिकांच्या आणि मध्यमवर्गाच्या इतिहासाचे एक अस्सल साधन आहे. परंतु आज करमणूक उद्यानात जाणारे प्रत्येक कुटुंब दिवसभर खिशातल्या फोनने शेकडो छायाचित्रे आणि चित्रफिती काढीत असताना, हा ठेवा नेमका कोणाचा होतो आहे, असा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटेल. वस्तुतः तो मालकीचा आणि श्रमाचा, म्हणजे समाजवादाच्या चिंतनाच्या अगदी गाभ्याचा प्रश्न आहे.

बटणामागचा व्यापार

जुन्या काळाचे गोडवे गाऊन हा प्रश्न सुटणार नाही. १९५६ च्या त्या सहलीतही बाजार हजर होताच. सहल घडली ती एका कंपनीच्या जाहिरातीसाठी. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले, ते एका दूरचित्रवाणी कंपनीने देशभर थेट प्रक्षेपित केले. त्याच कंपनीचे भांडवलही उद्यानात गुंतलेले होते. उद्यानाच्या मुख्य रस्त्यावर कोडॅक कंपनीचे दुकान होते. फिल्म विकणाऱ्या कंपनीने सहलीच्या जागी दुकान मांडावे यात आश्चर्य नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी पंचवीस डॉलरला जो पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला, त्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे; ती संपली की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा, आणि दहा डॉलर दिले की चित्रे धुऊन, नवी फिल्म भरून तो परत यायचा. १९०० साली ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. यंत्र स्वस्त करावे आणि त्याला लागणारी फिल्म वर्षानुवर्षे विकावी, हे या व्यापाराचे सूत्र. ते चालायचे तर लोकांना चित्रे काढण्याचे निमित्त सतत मिळत राहिले पाहिजे. सहल, वाढदिवस, मुलाचे पहिले पाऊल, ही सारी निमित्ते जाहिरातींनी घरोघरी रुजविली. पुढे उद्यानांमधून 'येथून चित्र चांगले येते' असे सांगणाऱ्या कोडॅकच्या पाट्याही लागल्या. काय पाहावे एवढेच नव्हे, तर कोठे उभे राहून पाहावे, हेही कंपनीने ठरविले.

तरीही त्या व्यवहारात एक मर्यादा होती. कंपनी फिल्म विकत असे, चित्र कुटुंबाचे असे. बार्स्टो यांनी कॅमेरा कोठे रोखावा, कोणता तुकडा ठेवावा, कोणता कापावा, हे त्यांनी स्वतः ठरविले. चाळीस वर्षांनी त्यावर काय बोलावे हेही त्यांनीच ठरविले आणि शेवटी ते सर्वांना मोफत देऊन टाकले. या स्वायत्ततेमुळेच त्या चित्रफितीत एक अनपेक्षित गोष्ट टिकून राहिली. पडद्याच्या एका कोपऱ्यात उद्यानाची माहितीपुस्तिका विकणारा एक पोरगा दिसतो. जुलै १९५६ मध्ये तेथे पुस्तिका विकण्याचे काम करणारे आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले नट स्टीव्ह मार्टिन यांनी, तो पोरगा आपणच, असे अनेक वर्षांनी कळविले. त्या वेळी त्यांना अकरावे वर्षही पुरे झाले नव्हते. उत्साही कुटुंबाच्या नकळत कॅमेऱ्याने एका लहानग्या कामगाराची नोंद करून ठेवली. हा पोरगा पुढे नामवंत झाला म्हणून त्याची ओळख पटली. त्याच्या आसपास झाडू मारणारे, तिकिटे फाडणारे, पाळणे फिरविणारे जे इतर होते, त्यांची नावे कोणी विचारली नाहीत.

स्वतःचाच चेहरा विकत

आजची स्थिती निराळी आहे. कोडॅक कंपनीने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. फिल्म संपली, तिच्याबरोबर फिल्मवरचा नफाही संपला. आता चित्र काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अर्थशास्त्राच्या साध्या नियमानुसार अशा वस्तूची किंमत शून्याकडे झुकावयास हवी. प्रत्यक्षात मात्र उद्यानांनी चित्रालाच विक्रीची वस्तू करून टाकले.

ही किमया कशी साधली? फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये कंपनीचे छायाचित्रकार ठरावीक जागी उभे असतात. ते कुटुंबाची चित्रे काढतात. वेगाने कोसळणाऱ्या गाडीतील प्रवासी किंचाळतात त्या नेमक्या क्षणी स्वयंचलित कॅमेरा त्यांचे चेहरे टिपतो. २०१३ पासून पाहुण्यांच्या मनगटावर बांधण्याचा एक इलेक्ट्रॉनिक पट्टा आला. या सगळ्या यंत्रणेवर कंपनीने सुमारे एक अब्ज डॉलर खर्च केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. या पट्ट्याच्या खुणेवरून कोणते चित्र कोणाचे हे यंत्राला आपोआप कळते आणि ते त्या कुटुंबाच्या खात्यात जाऊन पडते. ते आपलेसे करावयाचे तर पैसे मोजावे लागतात. सहलीतील सर्व चित्रांसाठी सुमारे दोनशे डॉलर. न घेतलेली चित्रे साधारणतः पंचेचाळीस दिवसांनी नष्ट होतात. स्वतःच्या मुलाचा भेदरलेला, मग हसू फुटलेला चेहरा विकत घ्यावयाचा आणि तोही मुदतीच्या आत! खेळाच्या गाडीत स्वतःचा कॅमेरा बाहेर काढण्यास सुरक्षिततेसाठी बंदी असते; २०१५ साली फोनला लावण्याच्या लांब दांड्यांवरही कंपनीने बंदी घातली. ही बंदी योग्यच आहे, कारण वेगात हातातून निसटलेली वस्तू दुसऱ्याचे डोके फोडू शकते. पण तिचा आर्थिक परिणाम असा की, त्या क्षणाचे चित्र काढणारा एकच विक्रेता उरतो. अर्थशास्त्रात याला मक्तेदारी म्हणतात.

कंपनीचे औदार्य आणि तिचा कडकपणा यांत एकच तर्क आहे. १९७६ साली याच कंपनीने दुसऱ्या एका चित्रपट-कंपनीसह सोनी या जपानी उत्पादकाविरुद्ध अमेरिकेत दावा लावला होता. घरी दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम फितीवर उतरवून घेणे हा कॉपीराइटचा भंग आहे, असे तिचे म्हणणे होते. १९८४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते फेटाळले. घरच्या माणसाने घरच्या यंत्राने घेतलेल्या नकलेविरुद्ध आठ वर्षे न्यायालयात लढणारी कंपनी आपल्या उद्यानात मात्र कोट्यवधी लोकांना हवी तितकी चित्रे आनंदाने काढू देते. दोन्हींत विसंगती नाही. पहिली नक्कल विक्री बुडवील अशी भीती होती. दुसरी नक्कल विक्री वाढविते. कुटुंबाने काढलेले आणि शेजाऱ्या-पाजाऱ्यांना, नातेवाइकांना, परगावच्या मित्रांना दाखविलेले प्रत्येक चित्र ही उद्यानाची बिनपैशाची जाहिरात असते, आणि कंपनीने स्वतः केलेल्या जाहिरातीपेक्षा ती अधिक विश्वासार्ह असते. डॅलस स्माइथ या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली असे मांडले होते की, जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमांची खरी विक्रीची वस्तू म्हणजे प्रेक्षकच, आणि फावल्या वेळात प्रेक्षक जाहिरातदारासाठी कामच करीत असतो. त्याच्या सिद्धांतावर पुष्कळ वाद झाला. पण सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून आत जाणारे, तासन् तास रांगेत उभे राहणारे, आणि संध्याकाळी थकलेल्या बोटांनी कंपनीच्या मनोऱ्यांची चित्रे जगभर पाठविणारे कुटुंब पाहिले, म्हणजे त्या सिद्धांतातील सत्यांश नाकारता येत नाही. ही वेठ आहे. गोड आहे, स्वखुशीची आहे, एवढेच.

सुसान सॉन्टॅग यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रणावरील ग्रंथात आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. कामाची सवय अंगात मुरलेल्या माणसाला सुट्टीत रिकामे राहिल्याची टोचणी लागते. कॅमेरा हातात असला की काहीतरी काम चालू असल्याचे त्याला समाधान मिळते. भांडवलशाहीने माणसाला इतके राबविले आहे की विश्रांतीलाही त्याला कामाचे सोंग द्यावे लागते! आणि हे काम कुटुंबात एकाच्याच वाट्याला येते. जो चित्र काढतो तो चित्रात नसतो. एके काळी बहुधा बाप नसे. आता पुष्कळदा आई नसते.

मुखवट्यामागचा माणूस

चित्रात नसलेल्यांचा विचार झाला. चित्रात असूनही न दिसणाऱ्यांचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. करमणूक उद्यानातील सर्वाधिक हवेसे चित्र कोणते? मिकी उंदराच्या गळ्यात हात टाकून उभे असलेले मूल. त्या भल्यामोठ्या हसऱ्या मुखवट्याच्या आत एक कामगार असतो. उन्हाळ्यात जड पोशाख घालून, तोंडातून शब्द न काढता, तो रांगेतील प्रत्येक मुलाला जवळ घेत राहतो. मुखवटा हसरा असल्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरचा शीण कोणत्याही चित्रात उमटत नाही. श्रम दिसू नयेत हीच या धंद्याची कला. कामगाराला 'कामगार' न म्हणता 'नाट्यसंचातील सदस्य' म्हणण्याची तेथे रीत आहे.

२०१८ साली डिस्नेलँडमधील कामगार संघटनांच्या पुढाकाराने एक पाहणी झाली. सुमारे ५,००० कामगारांनी तीत उत्तरे दिली. दर महिन्याचा मूलभूत खर्च पगारात भागत नाही, असे जवळजवळ तीन-चतुर्थांश कामगारांनी सांगितले. आधीच्या दोन वर्षांत कधी ना कधी आपण बेघर होतो, असे दर दहांतील एकाहून अधिकांनी सांगितले. जगातील 'सर्वांत आनंदी जागा' म्हणून जिची जाहिरात होते, तेथील कामगारांचे हे उत्तर! २०२० साली साथीच्या काळात कंपनीने अमेरिकेतील आपल्या उद्यान-विभागातील २८,००० कामगारांना कमी करण्याचे जाहीर केले. त्याआधी, २०१८ च्या सुमारास, फ्लोरिडात काही ठिकाणी छायाचित्रकाराच्या जागी स्वयंचलित कॅमेऱ्याची पेटी बसविण्याचा प्रयोग झाला होता. म्हणजे कुटुंबाचे चित्र काढणारा माणूसही आता खर्चाच्या बाजूला लिहिण्याची बाब ठरला.

परंतु या कथेचा उत्तरार्ध कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात अ‍ॅनाहाइम शहराच्या मतदारांनी, करसवलती घेणाऱ्या मोठ्या करमणूक उद्योगांना किमान वेतन वाढविणे भाग पाडणारा ठराव मंजूर केला. तो आपणास लागू नाही असे कंपनी म्हणत राहिली. कामगार न्यायालयात गेले आणि २०२४ च्या डिसेंबरात ५०,००० हून अधिक आजी-माजी कामगारांसाठी २३ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. त्याच वर्षी उन्हाळ्यात डिस्नेलँडच्या सुमारे १४,००० कामगारांच्या संघटनांनी संपाचा कौल घेतला, आणि संपाविनाच ताशी किमान २४ डॉलर वेतनाचा करार पदरात पाडून घेतला. २०२४ च्या मे महिन्यात तर मिकीचे आणि परीकथेतील राजकन्यांचे सोंग घेणाऱ्या, मिरवणुकीत नाचणाऱ्या कलाकारांनी नटांच्या राष्ट्रीय संघटनेत सामील होण्याचा निर्णय ९५३ विरुद्ध २५८ मतांनी घेतला. अशा कामगारांची संख्या सुमारे १,७०० होती. मुखवट्यामागचा माणूस बोलू लागला.

हर्षाचा नव्हे, हक्काचा प्रश्न

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. समाजवाद्यांना लोकांची मौज पाहवत नाही काय? मुलांनी पाळण्यात बसू नये, आईबापांनी त्यांचे फोटो काढू नयेत, असे कोणाचे म्हणणे आहे? मुळीच नाही. उलट सुट्टी हीच श्रमिक चळवळीची एक मोठी मिळकत आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑन ब्लुम यांच्या आघाडी सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवडे भरपगारी रजा कायद्याने दिली, आणि हजारो कामगार-कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. त्या उन्हाळ्यातील छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. दोघांची सायकल, नदीकाठची शिदोरी, वाळूवर पाय पसरलेली माणसे. कामगार चित्रात आला तो मागण्या मांडणारा म्हणून नव्हे, तर विश्रांती घेणारा नागरिक म्हणून. हा विजय साधा नव्हता. अमेरिकेत मात्र खासगी नोकरांना भरपगारी रजा देणारा राष्ट्रीय कायदा आजही नाही. १९५५ साली डिस्नेलँडमध्ये प्रौढाला प्रवेश एक डॉलरला मिळे, खेळांचे पैसे वेगळे; आज गर्दीच्या दिवशी एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या वर जाते. रांग टाळण्याची जी सोय १९९९ पासून सर्वांना मोफत होती, तिच्या जागी २०२१ पासून पैसे भरून पुढे जाण्याची व्यवस्था आली. पैसेवाल्याचे मूल पुढे सरकते, दुसऱ्याचे उन्हात उभे राहते, आणि दोघांची चित्रे मात्र सारखीच हसरी येतात. बार्स्टो कुटुंबाला स्पर्धेचे बक्षीस लागले म्हणून ते तेथे पोहोचले. नशिबावर अवलंबून असलेली सुट्टी हा हक्क नव्हे.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या संग्रहात नायगाराबरोबर ऑर्लँडोच्या मनोऱ्यापुढचे चित्र असतेच. मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड उघडले, खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका आले. तिकीट काढून घ्यावयाचा आनंद इकडेही रुजला. परंतु महाराष्ट्राजवळ दुसरी एक परंपराही आहे, आणि ती सार्वजनिक आहे. मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातील 'म्हातारीच्या बुटा'त उभे राहून डोकावणाऱ्या मुलांची चित्रे गिरणगावातील खोल्यांच्या भिंतींवर टांगलेली असत. राणीच्या बागेत चाळीतील कुटुंबे डबे घेऊन जात. पुण्याच्या पेशवे उद्यानात 'फुलराणी' ही छोटी आगगाडी धावू लागली तीही १९५६ साली, म्हणजे बार्स्टो कुटुंब कॅलिफोर्नियास गेले त्याच वर्षी. या जागा नगरपालिकांनी करदात्यांच्या पैशांतून चालविल्या. तेथे मुलाच्या मनगटाला पट्टा बांधावा लागला नाही, आणि तेथे काढलेले चित्र कोणाकडून परत विकत घ्यावे लागले नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. उद्यानात टिपलेली माणसांची, विशेषतः मुलांची चित्रे आणि त्यांच्या हालचालींच्या नोंदी यांवर प्रथम हक्क त्या कुटुंबाचा असला पाहिजे. त्या किती काळ ठेवाव्यात, कशासाठी वापराव्यात, हे कंपनीने एकटीने ठरवू नये. करमणुकीच्या धंद्यात राबणाऱ्या कामगारांना, मग ते मुखवट्यातले असोत की पाळण्याच्या यंत्रावरचे, संघटनेचा आणि निर्वाहवेतनाचा हक्क मिळाला पाहिजे. भारतात कारखान्यातील कामगाराला भरपगारी रजा १९४८ च्या कायद्याने मिळाली. घरकाम करणारी, बांधकामावरची, ऊसतोडणीची बाई त्या कायद्याच्या बाहेरच राहिली. तिला सुट्टी मिळेपर्यंत सुट्टीचा लढा पुरा झाला असे म्हणता येणार नाही. आणि शहराशहरांतील सार्वजनिक बागा बिल्डरांच्या आणि ठेकेदारांच्या घशात जाऊ न देता राखल्या, वाढविल्या पाहिजेत. प्रभागातील बागेचा तुटलेला झोपाळा दुरुस्त करून घेणे हे काम कार्यकर्त्यांनी किरकोळ मानू नये. ज्या मुलांच्या आईबापांना तिकीट परवडत नाही, त्यांच्या बालपणाचे चित्र त्याच झोपाळ्यावर निघणार आहे.